वारं उतरल्यावर

पुण्यात शिकून पौरोहित्य करू लागल्याला मला आता अकरा वर्षे झाली, तरी फलटणजवळच्या एका गावातली वास्तुशांत अजून मनातून जात नाही. पुण्याहवाचनाची तयारी मांडतच होते, तेवढ्यात यजमानांचे थोरले चुलते ओसरीवरून म्हणाले, "बाईच्या हातचा होम आमच्यात चालत नाही."

हे मला नवे नव्हते, म्हणून मी नेहमीचे सांगितले : शिर्डीजवळच्या साकोरीला उपासनी महाराजांनी कन्यांना वेदपठण आणि यज्ञकर्म शिकवले, १९४१ मध्ये त्यांच्या निधनानंतर तिथल्या कन्याकुमारी स्थान या आश्रमाची धुरा गोदावरी मातांनी कित्येक दशके वाहिली, आणि पुण्यातही १९७०च्या दशकापासून बायका पौरोहित्य शिकत आल्या आहेत. चुलत्यांनी तंबाखू मळत ते ऐकून घेतले आणि मान फिरवली.

माजघराच्या दारात यजमानांच्या आत्या उभ्या होत्या : सत्तरीच्या, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. गाव त्यांना यल्लम्माचे झाड, म्हणजे देवीचे वारं जिच्या अंगात येते ती बाई, मानते. मंगळवारी-शुक्रवारी त्यांच्यापुढे गाऱ्हाणी घेऊन बसणाऱ्यांत हे चुलतेही असतात, असे मला नंतर कळले. हलगी नाही, आरती नाही, मी स्वस्तिवाचन म्हणत असतानाच त्यांचे खांदे हलू लागले, अंबाडा सुटला, आणि परडीतला भंडारा माझ्या कपाळाला फासून त्या घुमत म्हणाल्या, "हिला बसू द्या." चुलते तंबाखू टाकून उठले, त्यांच्या पायावर डोके ठेवले आणि मुकाट्याने माझ्याजवळ समिधा मोडत बसले.

होम यथासांग झाला. मला मात्र आहुती देताना राग येत होता, आणि तो चुलत्यांपेक्षा आत्यांवर अधिक होता, हे कबूल करते. वर्षानुवर्षे घोटलेल्या पाठांतराला जे जमले नाही, ते अक्षरओळख नसलेल्या बाईच्या एका वाक्याने झाले होते.

पूर्णाहुतीनंतर वारं उतरले. आत्या भिंतीला टेकून घाम पुसत होत्या, तोच चुलते म्हणाले, "तायडे, चहा टाक की समद्यांना." त्या उठल्या.

माझा कप पुढे करताना त्यांनी हळूच विचारले, "मंत्र म्हणताना तुमच्या अंगात काय येत न्हाई व्हय?"

"नाही हो आत्या, नुसते पाठ असते."

"मग उतरतबी नसंल," त्या म्हणाल्या आणि उरलेले कप घेऊन ओसरीकडे गेल्या.