भाकरीशिवायचं कालवण

रविवार, रात्री साडेदहा

साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी माझी रात्रीची भाकरी बंद केलीय हे घरात जाहीर केलं, तेव्हा अम्मीचा पहिला प्रश्न होता, "रोटी नक्को तो सालन कायकू?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न पुरता पटलेला आहे. आपल्याकडचा रस्सा एकट्याने खायची वस्तूच नाही, तो भाकरी कुस्करायला केलेला असतो. पातळ, वर बोटभर तर्री, तिखट-मीठ दोन्ही चढं, कारण ताटातली अख्खी भाकरी त्यात विरघळणार हे धरूनच तो बेतलेला असतो. ती भाकरी काढून घेतली आणि रस्सा तसाच ठेवला, तर माणूस वाटीने तेल पितो, छातीत जळजळ घेऊन झोपतो आणि मध्यरात्री उठून फरसाणाचा डबा धुंडाळतो. ओळखीतल्या बऱ्याच जणांचं ‘कार्ब कमी’, म्हणजे कर्बोदकं कमी खायचं, प्रकरण असंच मोडलं. भाकरी सोडायची तर कालवणच वेगळं करायला पाहिजे, हे कोणी सांगतच नाही.

ज्वारी साखरेला चालते, असं सोलापुरात रिक्षावाल्यापासून वैद्यापर्यंत सगळे सांगतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात आणि आमच्या घरची भाकरी काही फुलक्याएवढी नसते. दुपारी एक खातो, चवीने खातो. रात्रीची सुटली.

तर आजचं पातेलं. पायाचं मांस, नळीसकट, आणि थोडी मान. मोठ्याचं.

मोबाइलवर बीफचे जे व्हिडिओ दिसतात ते गाय-बैलाच्या मांसाचे असतात. आपल्याकडे गायीच्या कत्तलीवर बंदी जुनीच होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे इथे मोठ्याचं म्हणजे म्हैस किंवा रेडा, आणि त्यांनाही कापण्याआधी दाखला लागतो. हा फरक कायद्यापुरता नाही, चुलीवरही दिसतो. तिकडचं जनावर मांसासाठीच वाढवलेलं, दोनेक वर्षांचं, मांसात चरबीच्या रेषा असलेलं. आमच्याकडे येते ती आयुष्यभर दूध देऊन थकलेली म्हैस. पंढरपुरी जातीची असेल तर तलवारीसारखी शिंगं पार खांद्यामागे गेलेली. तिचं मांस गडद, जवळजवळ जांभळट, आणि चरबी कमी. जी चरबी असते तीही पांढरीशुभ्र, कारण म्हैस चाऱ्यातलं पिवळं द्रव्य शरीरात साठू देत नाही. म्हशीचं तूप पांढरं आणि गायीचं पिवळसर का, त्याचंही कारण हेच.

जनावर जसं म्हातारं होतं तसे त्याच्या स्नायूंमधले चिवट धागे एकमेकांत जास्त घट्ट गुंततात. म्हणून व्हिडिओत "अडीच तासांत मऊ" म्हणतात तिथे आपण चार तास धरून चालायचं. हे लक्षात न घेता लोक दोन तासांनी झाकण काढतात, बोटी रबरासारखी लागते, आणि "मोठ्याचं असंच असतं" म्हणून मोकळे होतात.

मामूंच्या दुकानात सकाळी गर्दी होती. सगळ्यांना पुठ्ठ्याचं, मऊ, बिनहाडाचं पाहिजे. मी पायाचं मागितलं तर मामू म्हणाले, "कुकर फुटेगा तुम्हारा." कुकरच लावणार नाही म्हटल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. मग आतून दोन पाय आणले आणि स्वतःहून म्हणाले की आडवे कापतो, म्हणजे हाड मध्ये आणि मांस भोवती राहील. तुकडे चांगले मुठीएवढे घेतले. आपल्याकडे बोटी लहान करायची सवय आहे. कमी मांसात जास्त माणसं जेवायची असतील तर ते ठीकच, पण चार तासांच्या शिजवणीत लहान बोटीचा चोथा होतो.

पायाचा कापलेला तुकडा उजेडात धरून बघण्यासारखा असतो. गडद मांसातून चांदीसारख्या पांढऱ्या पट्ट्या गेलेल्या दिसतात, काही केसाएवढ्या, काही चांगल्या दोऱ्याएवढ्या जाड. अम्मी जन्मभर त्या सुरीने काढून मांजराला घालत आली. आज मी एकही काढू दिली नाही, कारण सगळा खेळ त्यांच्यावरच आहे. ते कोलॅजन. पाय, मान, गाल, शेपटी असे जे अवयव जनावर दिवसभर वापरतं, तिथे ते भरपूर असतं. साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. हळूहळू म्हणजे खरोखरच हळू, तासांच्या हिशेबात. त्याआधी मांस आक्रसतं, पाणी सोडतं, कडक होतं. पहिला तास-दीड तास सगळं बिघडल्यासारखंच दिसतं आणि नेमक्या त्याच वेळी घरातलं कोणीतरी येऊन "कुकरला लाव की" म्हणतं. आज ते काम थोरल्या मुलीने केलं.

कुकरला माझा विरोध नाही. आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, तासाभरात काम होतं, गॅस वाचतो. कामाच्या दिवशी मीही तेच करतो. पण त्या उष्णतेत मांसाचे तंतू पिळून निघतात. बोटी सुटते खरी, पण दाताखाली कोरडी लागते, आणि तो कोरडेपणा झाकायला पुन्हा पातळ रस्सा लागतो, म्हणजे पुन्हा भाकरी. रविवारी वेळ असतो. उघड्या पातेल्यात सोलापूरच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णव-साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं, आणि आपल्याला तर उकळीही नकोच आहे. पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे, मधूनच एखादा बुडबुडा.

काल रात्रीच मांसाला मीठ चोळून ठेवलं होतं. आज फडक्याने कोरडं करून, जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर, तीन-चार तुकडे एका वेळी, चांगले तपकिरी होईतो परतले. एकदम सगळे टाकले की पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी उकडणं होतं. त्याच तेलात एक कांदा, एकच. कांद्यालाही साखर असते हे पूर्वी कधी मनात आलं नव्हतं, आता किलोभर कांद्याचं वाटण बघितलं की बोटं मोजतो. आलं-लसूण सढळ, वाटीभर नाही पण मूठभर सुकं खोबरं भाजून वाटलेलं, धने, आणि आमचा काळा मसाला. मसाला नेहमीच्या निम्मा. तिखटाला दोन हात करायला भाकरी समोर नाही, हे जिभेला आधीच सांगून ठेवावं लागतं. मीठ पुन्हा घातलं नाही. चार तासांत पाणी आटतं आणि सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी खारट होतं.

येसर घालायचा प्रश्नच नव्हता. या भागात रस्सा दाट करायचा तर भाजलेल्या धान्य-डाळींचा येसर किंवा शेंगदाण्याचा कूट, आणि निहारी केली तर शेवटी पीठ लावतात. दाटपणासाठी आपण इतकं धान्य पोटात घालतो हे एकेक बंद करायला लागल्यावर कळतं. पायाच्या मांसात ते कामच उरत नाही. जिलेटिन उतरलं की रस्सा आपोआप अंगावर येतो, चमच्याच्या पाठीवर थर धरतो, खाताना ओठ किंचित चिकटतात. भाकरी जे करायची, म्हणजे रस्सा पकडून ठेवायची, ते काम रस्सा स्वतःच करतो. अम्मीच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर आहे, पण ते तोंडी सांगून उपयोग नव्हता.

झाकणाबद्दल. इकडे सगळ्या बायका पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घालतात. वरचं ताट गार, म्हणून आतली वाफ तिथेच पाणी होऊन परत खाली टपकते. ताटातलं पाणी तापत राहतं, आणि रस्सा आटला की तेच गरम पाणी आत घालायचं. गार पाणी घातलं की शिजणं थांबतं आणि पातेलं पुन्हा थरथरायला वेळ घेतं. परदेशात यासाठी जड ओतीव झाकणांची महागडी भांडी विकतात, आतून टोचे असलेली. आमच्याकडे जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट आहे. आज नळाला पाणी यायचा दिवस होता, त्यामुळे भरणी आणि पातेलं अशी दोन्ही राखण मी एकाच वेळी केली. एरवी पाण्याच्या दिवशी माझी चिडचिड होते, आज बरं वाटलं. गॅसच्या सर्वांत लहान शेगडीवर, खाली जुना तवा ठेवून, आच पुरती मंद झाली. मे महिन्यात मात्र हे करायला जाऊ नये. बाहेर त्रेचाळीस अंश असताना स्वयंपाकघरात चार तास गॅस म्हणजे आधी बायको जाईल माहेरी, मग सिलिंडर. आत्ता थंडी आहे, म्हणजे सोलापूरच्या मानाने. पंखा दोनवर.

कच्ची पपई घाल, असा सल्ला शेजारून आला. पपई शिककबाबच्या मांसाला ठीक, तिथे पटकन भाजायचं असतं. इथे ती बाहेरून लगदा करते आणि आतला चिवटपणा तसाच राहतो. वेळेला पर्याय म्हणून ती वापरता येत नाही.

आंबटपणासाठी चिंच नको होती, तिच्यात साखर बरीच. टोमॅटो नेहमीचेच. लक्ष्मी मंडईत अंबाडी चांगली कोवळी मिळाली, लाल देठांची. अंबाडी आणि गोश्त ही आमच्या घरातली जुनी जोडी, फक्त अम्मी ती पातळ करते. मी तीन जुड्या निवडून, चिरून, शेवटच्या अर्ध्या तासात घातल्या. आंबट लवकर घालायचं नाही, नाहीतर कांदा आणि पाला दोन्ही नीट गळत नाहीत. अंबाडी त्या दाट रश्श्यात पार मिसळून गेली, हिरवट काळा रंग आला. दिसायला फार देखणं नाही. फोटो काढायच्या भानगडीत पडलो नाही.

ताटात मग काय होतं: दोन मोठे तुकडे, वाटीभर तो दाट ऐवज, तव्यावर मोहरी-लसणाची नुसती परतलेली कोबी, काकडी, मुळा, चमचाभर शेंगा चटणी. चटणीवर डॉक्टरांची नजर आहे, पण ती सोडली तर सोलापूरच सोडल्यासारखं होईल. नळीतला मगज अम्मीने मागून घेतला. नळी ताटावर आपटायची तिची पद्धत, दोनदा जोरात आणि एकदा हळू, अजून तीच. सुरी लावावी लागली नाही, मांस चमच्याने हाडापासून सुटलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून स्वतःसाठी पाव भाकरी घेऊन आली आणि त्या रश्श्यात बुडवून बघितली. म्हणाली, बसत नाही, जास्त दाट आहे. मग भाकरी तशीच ठेवून चमचा घेतला.

बायकोचं मत वेगळं. तिला मसाला कमी वाटला आणि गॅस जास्त. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पहिलीसाठी पुढच्या वेळी मिरी वाढवीन, दुसरीला उत्तर नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ऑफिसातल्या दोघांनी माझं बघून असंच सुरू करायचं ठरवलंय. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी-भात एकदम तोडायचे नाहीत. खाणं कमी झालं आणि गोळी तीच राहिली तर साखर खाली घसरते, हातपाय कापतात, दरदरून घाम फुटतो. माझी गोळी डॉक्टरांनी आधी कमी केली, मग ताट बदललं. मूत्रपिंडाची किंवा युरिक ॲसिडची तक्रार असणाऱ्यांनी तर एवढं मांस विचारल्याशिवाय खाऊच नये. त्या दोघांपैकी एकाला सांधेदुखी आहे, त्याला उद्या गाठून सांगायला हवं. तो उत्साही माणूस आहे, तेवढ्यात मामूंकडे जाऊनही यायचा.

उरलेलं फ्रीजमध्ये गेलंय. सकाळी ते घट्ट थिजलेलं असेल, वर पांढऱ्या चरबीचा पातळ थर. तो चमच्याने काढून वेगळा ठेवायचा, अंडी करायला उपयोगी पडतो. डब्याला मांस तव्यावर कोरडं परतून नेईन. मामूंना निघताना शेपटीबद्दल विचारलं होतं. म्हणाले, आधी सांगून ठेवायची, कारण ती कोणी मागत नाही म्हणून ते फुकटात देऊन टाकतात. कोणाला, ते मात्र सांगायला तयार नव्हते.