जांभळ्या झाकणाची ट्यूब

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ब्लड कॅन्सर वॉर्डची सोशल वर्कर आहे मी. पोरगा 23 वर्षांचा, एएमएल म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर, पहिली केमो झालेली, आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट पाहिजे. एकुलता एक, म्हणून डोनर म्हणून जुळतात का ते बघायला आईबाबांची एचएलए ही रक्ततपासणी करायचं ठरलं.

कलेक्शनला आईने बाही वर केली, सिस्टरने जांभळ्या झाकणाची ट्यूब घेतली आणि आईने बाही परत खाली ओढली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, ह्याच्यात कळतं का हो?"

काय ते मला समजलं होतं. कळतंच. मूल निम्मं आईचं निम्मं बापाचं, त्यामुळे तपासणीतल्या 10 मार्करपैकी 5 तरी जुळायलाच हवेत, तिथे एकदोन आले की रिपोर्टच सगळं बोलतो. बाबा म्हणाले सॅम्पल देतो, तुम्ही फक्त मॅच नाही एवढंच सांगा. मी नाही म्हटलं, डॉक्टरही नाही म्हणाले. महिन्याचा असताना संस्थेतून आणलेला, आणि 23 वर्षं नातेवाइकांनाही शपथा घालून गप्प ठेवलेलं. राग आला मला खरं सांगायचं तर, पण त्या बाईचे हात इतके थरथरत होते की राग टिकला नाही.

दुपारी त्यांनीच सांगितलं. तो सलाइनकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "अॅडमिशनला तू आजीची शुगर लिहिलीस ना, ती खोडायला सांग."

संध्याकाळी मला विचारलं, जन्म दिलेली बाई सापडेल का. म्हटलं, तू 18 च्या वर आहेस, अर्ज तुलाच करावा लागेल, संस्थेकडे किंवा काराकडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे, बाबांना तुझ्या वतीने नाही करता येणार. तिने नाव गुप्त ठेवा असं लिहून दिलं असेल तर तिची परवानगी लागेल. आणि सापडली, तयार झाली, तरी ती हाफ मॅचच असणार. हाफ मॅचवरही आता ट्रान्सप्लांट होतो, पण कागद कधी हलतील त्याचा नेम नाही आणि तुझा आजार तेवढं थांबणार नाही, म्हणून डॉक्टरांनी डोनर रजिस्ट्रीत तुझ्यासाठी शोध आजच टाकलाय. "तरी करतो," म्हणाला.

उजव्या हाताला कॅन्युला, म्हणून अर्ज मी लिहीत होते. संस्थेत ठेवलेलं नाव कुणालाच माहीत नव्हतं, आई सोडून. दाराशी उभी राहून तिने सांगितलं, अगदी हळू. त्याने मान वर केली.

"शेवटी ल का ळ?"

"ळ," ती म्हणाली.