एकच जागा दोनदा मोकळी होते तेव्हा

नोव्हेंबरच्या अखेरीस म्युनिकमध्ये साडेचारच्या सुमारासच अंधारून येते, आणि तेव्हा घरी रात्रीचे नऊ वाजलेले असतात. आईला याच वेळी फोन करण्याचा माझा नेम गेल्या महिन्यात अनेकदा मोडला. कारण विचारल्यावर "एक प्रोग्राम मध्येच बंद पडतो आहे" एवढेच मी सांगू शकलो. ते अपुरे उत्तर येथे पूर्ण करतो.

यंत्रांची मोजमापे गोळा करून पुढे पाठवणारा आमचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत मेमरी मागून घ्यावी लागते आणि काम संपले की आठवणीने परत करावी लागते; या परत करण्याला 'फ्री' म्हणतात. तीच जागा दोनदा परत केली तर काय होते, हे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरून समजते. एकाच खणाची 'रिकामा' अशी नोंद दोनदा झाली, तर पुढच्या दोन भाविकांना त्याच खणाचा बिल्ला मिळतो. चूक नोंद करणाऱ्याची असते, पण भांडण त्या दोघांत लागते.

आमचा प्रोग्राम तीन-चार दिवसांतून एकदा कोसळे, आणि कोसळतानाच्या मेमरीची नक्कल असलेली कोअर फाइल उघडली की बहुतेक वेळा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, लिहिणारे फंक्शन (कोडचा तेवढा भाग) समोर येई. ते चप्पल स्टँडवरच्या भाविकासारखे निर्दोष होते, तरी मी आठवडाभर त्यातच दोष शोधत राहिलो. लिनक्सवर मेमरी देण्याघेण्याचे काम करणाऱ्या ग्लिबसी लायब्ररीत अशी दुहेरी 'फ्री' ओळखणारी एक तपासणी २०१९ मधील २.२९ आवृत्तीपासून आहे. मात्र ती त्या-त्या थ्रेडच्या (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांपैकी एकाच्या) स्वतःच्या छोट्या साठ्यापुरतीच पाहते, आणि आमच्या दोन 'फ्री' दोन वेगळ्या थ्रेडमधून होत होत्या.

'फ्री' केल्यानंतर पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा जपून ठेवलेला पत्ता, नल (कोरा) करून टाकावा, असे मी सुचवले. माझ्या ज्येष्ठ जर्मन सहकारी बाईंनी ते साफ नाकारले. त्याच पत्त्याची दुसरी प्रत दुसऱ्या थ्रेडकडे असेल तर या उपायाने काहीच साधत नाही, आणि बिघाड हवा तेव्हा घडवून आणता येत नाही तोवर तो दुरुस्त झाला असे म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ते मला कठोर वाटले. आज ते मला पूर्णपणे पटते.

मग आम्ही ॲड्रेससॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन लावून प्रोग्राम पुन्हा बांधला. त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, पण मोकळी केलेली मेमरी ते साधन लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ बाजूला ठेवते, त्यामुळे दुसरी 'फ्री' जागच्या जागी पकडली जाते. बाईंनी नेटवर्कची केबल पुनःपुन्हा काढून लावायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासाच्या आत अहवाल आला: मेमरी कुठे घेतली, पहिल्यांदा कुठे सोडली, दुसऱ्यांदा कुठे सोडली, असे तिन्ही माग त्यात होते. जोडणी तुटली की पाठवणारा थ्रेड बफर, म्हणजे पाठवायची माहिती ठेवलेली मेमरी, सोडून देई आणि अपयश कळवी. ते कळताच मुख्य थ्रेड तोच बफर पुन्हा सोडी. दोन्ही ठिकाणचा कोड सुटा वाचला तर चोख होता. बफर नेमका कोणाच्या मालकीचा, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या ओपनएसएसएचसारख्या काटेकोरपणे तपासल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ९.१ आवृत्तीतही दुहेरी 'फ्री' शिरली होती आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ९.२ मध्ये ती दुरुस्त झाली, हे आठवून मला धीर आला.

दुरुस्ती एका ओळीची होती. फंक्शने कशी वापरायची हे सांगणाऱ्या हेडर फाइलमध्ये आता स्पष्ट लिहिले आहे की, पाठवणे यशस्वी झाले तर बफर पाठवणाऱ्या थ्रेडने सोडावा, अयशस्वी झाले तर मुख्य थ्रेडने. अशा आणखी अकरा फंक्शनांची मालकी लिहून काढायची आहे. त्यांपैकी दोन झाली आहेत.