काकांच्या फाइलमध्ये नसलेला कागद

निफाडजवळच्या काकांच्या पायांवर ऐन द्राक्षकाढणीत सूज आली, म्हणून त्यांना नाशिकला दाखवायला आणले. बारा वर्षांच्या मधुमेहाची जाडजूड फाइल माझ्या मांडीवर होती; तिच्यात साखरेचे रिपोर्ट तारीखवार लावलेले होते, पण लघवीतील अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातून लघवीत निसटणाऱ्या प्रथिनाचा, एकही कागद नव्हता. लघवीला फेस येतो का, असे डॉक्टरांनी विचारताच काका सहज म्हणाले, "येतो ना, वर्ष झालं. मला वाटलं, फिनाईलचा असंल."

आपल्याकडे किडनीचा विकार म्हटला की मुतखडाच आठवतो, आणि खड्याची कळ माणसाला गडाबडा लोळवत असल्यामुळे, दुखत नाही त्याअर्थी किडनी ठणठणीत आहे, असा सोयीचा समज करून घेतला जातो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांनी होणारी झीज मात्र मुकाट चालते. दोन्ही मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडतात. त्यांची राखीव ताकद इतकी असते, की निम्मे काम मंदावेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) पुष्कळदा नॉर्मलच्या रकान्यातच राहते. मधुमेहात गाळणीतून अल्ब्युमिन निसटू लागते ते बहुधा त्याआधी. म्हणून मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, दोन्ही पाहावेत. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार समजला जातो.

छाटणीच्या दिवसांत कंबर धरली की मेडिकलमधून चिठ्ठीवाचून आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्यांचा हिशेब काकांकडे नव्हताच. आधीच झिजलेल्या मूत्रपिंडांना अशा गोळ्या, त्यातही उन्हात पाणी कमी पडलेले असताना, आणखी घातक ठरतात.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी येणारा जागतिक मूत्रपिंड दिन २००६ पासून पाळला जातो. त्या दिवशी फिरणारा 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण तो खडा टाळायला उपयोगी असला, तरी सूज आलेल्या काही रुग्णांना पाणी मोजूनच प्यावे लागते.

काकांचा ईजीएफआर ४१ आला. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या, लोणचे-पापड तोडले आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. निघताना काकूंनी हळूच विचारले, "मला बी बीपी हाय, माझी तपासायची का?" लॅबच्या खिडकीवरून मी आणखी एक डबी मागून घेतली.