नाशिकचे गुरुजी, रबाईची टेकडी

भूगोलाच्या बाई आमच्याकडून आफ्रिकेचा नकाशा न बघता काढून घ्यायच्या. किलिमांजारोला त्रिकोण, त्रिकोणाच्या टोकाला पांढरा खडू. विषुववृत्ताजवळ बर्फ कसा, हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. केनियातल्या मोंबासाचा ठिपका मात्र मी दर वेळी चुकीच्या जागी द्यायचो. 1986 साली मी त्याच ठिपक्यावर उतरलो. वय चोवीस, डी.एड. झालेलं, पेटीत मराठी पवित्र शास्त्र, आणि मनात एकच की आपण तिथं द्यायला चाललो आहोत.

शाळा रबाईला होती. मोंबासापासून वीसेक किलोमीटर आत, नारळीच्या झाडांतल्या टेकडीवर. वर्गात पन्नासच्या वर मुलं, एका बाकावर चौघं. मला गणित आणि ख्रिस्ती धर्मशिक्षण शिकवायचं होतं. स्वाहिली येत नव्हती, पण पुस्तकाला किताबू, वेळेला वकाती, बातमीला हबारी आणि चहाला चायच म्हणतात हे कळल्यावर धीर आला. सकाळच्या प्रार्थनेत मुलं ‘बाबा येतु’ म्हणायची, म्हणजे ‘आमच्या पित्या’. लहानपणापासून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत आलो होतो. देवाला बाबा म्हणून हाक मारताना पहिल्याच दिवशी घशाशी आलं. घरी मी वडिलांना बाबाच म्हणायचो.

तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, दहा म्हणजे चार. शनिवारी पालकसभा चारला आहे असं ऐकून मी दुपारी चारला गेलो, तर सभा सकाळीच उरकलेली. एक आई पोराच्या गणिताबद्दल बोलायला दोन तास चालत आली होती आणि मला न भेटता परत गेली होती. रविवारची उपासना आटोपून मी तिच्या घरी गेलो. तिनं पेज पुढं ठेवली. पहिल्या घोटालाच चव ओळखली, आपली नागली! तिकडे तिला विंबी म्हणतात. ज्या संस्थेनं मला पाठवलं होतं तिच्याकडून पुढं तीन महिने मानधन आलं नाही, तेव्हा अशा घरांनीच मला जेवू घातलं.

पण मला सांगायचं आहे ते एका म्हाताऱ्या धर्मशिक्षकाबद्दल. त्यांना भेटायला गेलो तेव्हा ‘शिकामू’ म्हणून वाकलो. ‘तुमचे पाय धरतो’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. त्यांनी विचारलं, हिंदुस्थानात कुठले? म्हटलं, मुंबईजवळचं एक गाव, तुम्हाला माहीत नसेल. नाव विचारलं. सांगितलं, नाशिक. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, “माझे आजोबा नासिकला शिकले.”

आपल्या नाशिकच्या शरणपूरची ही हकिगत मला चोविसाव्या वर्षी, समुद्रापलीकडं कळली, याचं मला आजही वाईट वाटतं. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानं सोडवलेली पोरकी आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत. त्यातली कित्येक शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याच्या शेवटच्या प्रवासात यांतलीच मुलं सोबत होती. 1873 मध्ये तो वारला तेव्हा दफनाची प्रार्थना जेकब वेनराइटनं वाचली, तो नाशिकचाच विद्यार्थी. त्यातलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर रबाईच्या बाजूला परतले, मुलांना शिकवू लागले, आणि 1885 मध्ये दोघांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना जोन्सनी रबाईत आसरा दिला. 1889 सालच्या पहिल्या दिवशी त्या माणसांच्या हातात मुक्ततेचे कागद पडले. मोंबासाला फ्रेरेटाउनमध्ये, म्हणजे सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत, गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की वाजवायची ती घंटा आजही रस्त्याच्या कडेला उभी आहे. त्या जागेचं नावच केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी.

शरणपूर रोडनं मी दहा वर्षं शाळेत सायकल हाणली. त्या रस्त्यावरून शिकून गेलेले गुरुजी शंभर वर्षांपूर्वीच या टेकडीवर पोचले होते, आणि मी स्वतःला पहिला समजत होतो. त्या दिवसापासून वर्गात उभं राहताना माझा सूर बदलला. मुलं चुकली की रागावण्याऐवजी मी खाली त्यांच्या बाकावर जाऊन बसायला लागलो.

म्हाताऱ्यांनी नदीचं विचारलं. आजोबा म्हणायचे, गावात मोठी नदी आहे आणि तिला दगडी पायऱ्या आहेत. आहेत का अजून? मी गोदावरीचं, घाटाचं जमेल तसं सांगितलं, पण माझ्या स्वाहिलीत ते उतरेना.

पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा गोदाघाटाचा एक फोटो काढून घेतला आणि परत जाताना पवित्र शास्त्रात जपून नेला. त्यांनी तो दाराशी उजेडात धरला, बोटानं पायऱ्या मोजल्या. मग म्हणाले, “आजोबा सांगायचे त्यापेक्षा कमी आहेत.”

“बाकीच्या पाण्याखाली आहेत,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून मोजायला सुरुवात केली.