नाही म्हणून चिठ्ठी देणारे डॉक्टर

गेल्या महिन्यात मैत्रिणीसोबत इथे मेलबर्नमध्ये जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेले होते. सातवा आठवडा चालू, आणि तिला मूल नको होतं. डॉक्टर साठीच्या पुढचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी गर्भपात करत नाही. माझ्या मनाला ते पटत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. आता प्रवचन! मिरजेत वाढलेय मी, "मिस्टर कुठायत? सासूबाईंना माहितीय का?" हे पुरेपूर ऐकलंय. पण हे गृहस्थ कीबोर्डकडे वळले आणि दोन मिनिटांत छापील चिठ्ठी हातात. त्यावर दुसऱ्या डॉक्टरबाईंचं नाव आणि फोन नंबर. "त्या करतात. आजच फोन करा." चेहऱ्यावर ना राग, ना उपकार. ती चिठ्ठी मी ट्राममध्ये तीनदा वाचली.

नंतर कळलं, हा काही त्यांचा निव्वळ चांगुलपणा नव्हता. व्हिक्टोरिया राज्याच्या २००८ च्या गर्भपात कायद्याचं आठवं कलमच तसं आहे. डॉक्टरला पटत नसेल तर त्यानं तसं सांगायचं आणि ज्याची हरकत नाही अशा डॉक्टरकडे बाईला पाठवायचं. जीव धोक्यात असेल तर मात्र हरकतबिरकत काही चालत नाही.

आपल्याकडचा कायदा १९७१ चा, हे मी इथे सगळ्यांना ऐकवते. इथे २००८ पर्यंत गर्भपात फौजदारी कायद्यात होता! आणि सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, हेही आपल्या कायद्यात आहे. नवऱ्याची सही मागतात ती दवाखान्याची रीत. (ती रीत का चालते, हे कुणी विचारलं की मी विषय बदलते.)

तर मी त्या कलमावर खूश होते. मग २०१३ ची इथलीच एक बातमी वाचनात आली. एका जोडप्याला एकोणिसाव्या आठवड्यात कळलं, मुलगी आहे. हवा होता मुलगा. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायला नकार दिला, आणि चौकशी लागली ती डॉक्टरांच्याच मागे. जोडप्याचं नाव बातमीत नव्हतं. माझ्या मनात पहिलं काय आलं? आपल्याकडचे नसू देत, देवा. दुसरं आलं, बरं केलं डॉक्टरांनी. म्हणजे मैत्रिणीसाठी मला कलम हवं आणि यांच्यासाठी नको.

"येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी बघत मोठं झालेल्या माणसाला हे सोपं नाही. असा कायदा देशात १९९४ ला आला. महाराष्ट्रानं तो १९८८ लाच केला होता. तो करावा का लागला, हे परक्यांना सांगताना जीभ अडखळते.

माझ्या वेळी इथे सोनोग्राफीवाल्या पोरीनं हसत विचारलं होतं, "सांगू का, मुलगा की मुलगी?" मी एवढ्या जोरात "नको!" म्हटलं की ती दचकली.

मुलगी झाली. मी इथे हट्टानं पेढे वाटले. आईनं तिकडे गल्लीत जिलेबी वाटली.