जाळ मंद, आणि एरर काहीच नाही

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सेंट जॉन्सबरीपासून पाऊण तासावरच्या त्या शेतघरी पोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि बाहेर उणे २४ सेल्सियस होतं. जानेवारीत या भागात ही थंडी नवी नाही. आमच्या दुकानातून मिळालेल्या कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘पेलेट स्टोव्ह, नवा, चार आठवडे. उष्णता कमी. बसवणाऱ्यांनी दोनदा तपासला, दोष सापडला नाही.’ बसवणारे आम्ही नव्हतो. त्यांच्याकडून उत्तर मिळेना म्हणून बाईंनी आम्हाला फोन केला होता.

दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, ताठ बाईंनी. घरात असूनही अंगात जाड कोट आणि डोक्याला लोकरी टोपी. आतल्या खोलीत त्यांचे यजमान. दीड वर्षापूर्वी पक्षाघात झालेला, आता पलंगावरच. तीन दुलया पांघरून ते माझ्याकडे बघत होते. बाईंनी मला बूट काढायच्या आधीच विचारलं, “घर जुनं आहे, एवढंच सांगायला आला असाल तर आत्ताच सांगा. ते मी दोनदा ऐकलंय.”

मी म्हटलं, “आधी मला दहा मिनिटं नुसता जाळ बघू द्या.”

हा स्टोव्ह आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून थोडं सांगतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या म्हणजे पेलेट. त्या १८ किलोच्या पिशव्यांत मिळतात. स्टोव्हच्या पाठीमागच्या साठवणीच्या डब्यात, म्हणजे हॉपरमध्ये, पिशवी रिकामी करायची. खाली एक स्क्रू फिरतो, त्याला ऑगर म्हणतात. तो थोड्या थोड्या कांड्या उचलून जळणाच्या वाटीत टाकतो. एक पंखा आगीतून हवा ओढून धूर नळीवाटे बाहेर काढतो, दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. म्हणजे चूलच, फक्त सरपण सारणारा हात आणि फुंकणी दोन्ही विजेवर चालणारी.

अमेरिकेत यायच्या आधी मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात अकरा हंगाम बॉयलरवर होतो. तिथे जळण म्हणजे बगॅस, उसाचा चोथा, निम्मं पाणी असलेला. ते ओलं जळण नीट जळतंय की नाही हे आमचे जुने फायरमन आधी डोळ्यांनी ओळखायचे आणि मग ड्राफ्टचा, म्हणजे हवेच्या ओढीचा, काटा बघायचे. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो, स्टोव्हच्या धंद्यात शिरलो, पण तो क्रम माझ्या हातातून गेला नाही. आधी जाळ, मग काटा, मग पाना.

जाळ बघितला. पॅनेलवर स्टोव्ह पाचावर होता, म्हणजे सगळ्यात वर. वाटीत जेमतेम वीतभर ज्योत. रंग मळकट नारिंगी, शेंडा काळपट आणि लांबट, चाल सुस्त. नीट हवा मिळालेला पेलेटचा जाळ असा नसतो. तो पिवळा-पांढरा, आखूड आणि चपळ असतो, वाटीतून उसळ्या मारतो. इथे काचेवर काजळी धरली होती. खोलीत सोडल्या जाणाऱ्या हवेचं तापमान घेतलं, ४४ अंश. खोलीत १४. पंखा जोरात चालू, नळ्या स्वच्छ, स्टोव्हच्या दाराची फट बंद करणारी दोरी घट्ट. दारात कागद अडकवून ओढला तर निघाला नाही. वाटी साफ करून पुन्हा पेटवला, तरी तेच. पॅनेलवर एकही एरर नाही.

बाई शेजारी उभ्याच होत्या. त्यांच्या हातात एक निळी वही होती. मी विचारलं, “त्यात काय आहे?”

“तापमान. दर दोन तासांनी. आणि पिशव्या.”

“कुणी वाचली?”

“दोघांपैकी कुणीच मागितली नाही.”

मी खुर्ची ओढून बसलो आणि ती वही पहिल्या पानापासून वाचली. चाळीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती, आणि नोंदी तशाच होत्या, वेळ मिनिटापर्यंत. रात्री दोनची नोंद आहे, चारचीही आहे. यजमानांना कूस बदलून द्यायला उठायच्या तेव्हा त्या भिंतीवरचा थर्मामीटर बघायच्या आणि लिहायच्या. पहिले सहा दिवस रोज जवळजवळ तीन पिशव्या, घरात २० अंश. सातव्या दिवशी शेरा: ‘काच काळी पडते आहे, फोन केला.’ नवव्या दिवशी: ‘माणूस आला, वीस मिनिटं होता, काच आता बरी राहील म्हणाला.’ दहाव्या दिवसापासून सव्वा पिशवी. घरात १७, मग १६, मग १४. स्टोव्ह मात्र सगळे दिवस पाचावर, एकदाही बंद नाही.

माझ्या लेखी निम्मं निदान त्या वहीत होतं, आणि हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. हिशोब सोपा आहे. एक किलो पेलेटमध्ये साधारण साडेचार हजार किलोकॅलरी. हा स्टोव्ह पाचावर तासाला २.३ किलो जाळायला हवा, म्हणजे दिवसाला तीन पिशव्या. सव्वा पिशवी म्हणजे तासाला एक किलोसुद्धा नाही. जे जळलंच नाही त्याची उष्णता भिंतींतून जाईल कशी? घर जुनं होतं, खिडक्यांतून वारा येत होता, हे खरंच. पण तेच घर पहिले सहा दिवस २० अंशांवर राहिलं होतं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती, आणि मला त्या दिवशी सगळ्यात जास्त विचार तिनेच करायला लावला. जळण कमी पडत असेल तर हवा उरायला हवी. जाळ लहान होईल, पण लखलखीत होईल. इथे जाळ लहानही होता आणि गुदमरलेलाही. म्हणजे दोन दोष होते, आणि एकाने दुसऱ्याला झाकलं होतं.

हवेपासून सुरुवात केली. मॅनोमीटरची नळी आगीच्या पेटीच्या छिद्राला लावली. आत किती ओढ आहे ते यावर कळतं. धुराची नळी तुंबली असेल तर ओढ कमी दिसते, कारण पंख्याला हवा बाहेर ढकलता येत नाही. इथे काटा उलट्या बाजूला गेला, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. पंखा जीव तोडून ओढत होता आणि आत हवा येतच नव्हती. तोंडाला हात लावून श्वास ओढावा तसं. अडथळा आगीच्या पुढे नव्हता, मागे होता.

एरर का येत नव्हता तेही इथे उलगडलं. स्टोव्हमध्ये ओढ बघणारा एक स्विच असतो. तो ओढ कमी झाली तरच ऑगर थांबवतो. ओढ जास्त झाली तर त्याच्या दृष्टीने सगळं उत्तम. पॅनेलवर दोष दिसत नाही म्हणजे दोष नाही, असं धरून चालणाऱ्या माणसाला हा स्टोव्ह महिनाभर ‘ठीक’च दिसला असता.

पाठीमागची, बाहेरून हवा आणणारी नळी मी सैल करून काढली. ती फक्त तपासणीपुरती, आणि माझा कार्बन मोनॉक्साइडचा मीटर शेजारी चालू ठेवून. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. गुदमरलेल्या आगीपाशी मी मीटरशिवाय बसत नाही. नळी निघाली आणि अर्ध्या मिनिटात जाळ पालटला. काळा शेंडा गेला, रंग उजळला, कांड्या वाटीत नाचू लागल्या. बाई पुढे वाकून बघत राहिल्या. यजमान पलंगावरून काहीतरी बोलले, मला कळलं नाही. बाईंनी सांगितलं, “ते म्हणतात, हा पहिल्या दिवशीचा जाळ आहे.”

मग बाहेर. गुडघाभर बर्फातून घराच्या मागच्या भिंतीला वळसा घातला. हवा आत घेणारं तोंड जमिनीपासून दोन फुटांवर, आणि त्याच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळी बाहेर आलेली. तोंडावर उंदरांसाठीची मोठ्या छिद्रांची जाळी कारखान्याने दिलेली असते, ती होती. तिच्यावर कुणीतरी खिडकीला लावतात तसली बारीक जाळी तारेने बांधली होती, आणि तिच्यावर करड्या रंगाचा गच्च थर. हात लावला तर वहाणेसारखा कडक. कपड्यांचे तंतू. वाळवणाऱ्या यंत्रातून वाफेबरोबर येणारी, ओले, बारीक तंतू जाळीला चिकटत गेले, आणि वाफ त्यांच्यावर गोठत गेली. या घरात रोज कपडे धुतले जात होते, कारण आतल्या माणसाच्या चादरी रोज बदलाव्या लागत होत्या.

तो थर मी अखंड सोडवून आत आणला आणि बाईंच्या हातावर ठेवला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. “म्हणजे मीच?” असं त्या हळूच म्हणाल्या. मला ते फार लागलं. मी म्हटलं, “नाही. तुम्ही चादरी धुतल्यात. तोंड तिथे ठेवणं आणि त्यावर ही जाळी बांधणं, हे ज्याला हे काम येतं त्याने करायला नको होतं.” त्यांना ते पटेपर्यंत मी दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितलं.

बारीक जाळी काढून टाकली, मोठी तशीच ठेवली, नळी परत जोडली. मॅनोमीटरचा आकडा मॅन्युअलच्या जागी आला. जाळ उजळ, पण अजून वीतभरच. आता दुसरा दोष उघडा पडला होता.

हॉपर निम्मा भरलेला होता. कांड्या बादलीत काढल्या, तळाचा भुसा व्हॅक्युमने ओढला. तळाशी, ऑगरच्या तोंडावर, एक सरकती पट्टी असते. ती पुढेमागे करून किती कांड्या खाली पडाव्यात ते ठरवतात आणि वरून विंग नट आवळतात. हॉपर भरलेला असताना ती दिसतच नाही. ती पट्टी पाऊण बंद होती. पत्र्यावर जुन्या जागेचा ओरखडा स्पष्ट दिसत होता, आणि नट तिथून सरकवून ताजा आवळलेला.

वहीतली नवव्या दिवसाची नोंद मला समजली. काच काळी पडते म्हणून माणूस आला. मळका जाळ म्हणजे हवेच्या मानाने जळण जास्त. हे त्याला ठाऊक होतं. हवा का कमी पडली हे बघायला बर्फात जावं लागलं असतं. त्याने जळण कमी केलं. काच काही दिवस बरी राहिली. घर थंड झालं. मागे जाळीवर तंतू साचतच गेले आणि उरलेल्या जळणालाही हवा पुरेना. दुसरा आला त्याने पॅनेल पाहिलं, पंखा ऐकला आणि घराला दोष दिला. अडाण्याच्या हातून असं झालं असतं तर मी समजू शकलो असतो. पण जाळ वाचता येतो आणि तरी कारणापर्यंत जायचं नाही, याचा मला त्या थंड घरात उभं राहून खरोखर राग आला.

पट्टी जुन्या ओरखड्यावर आणली, नट आवळला, तिच्या कडेने मार्करने रेघ मारली. बाईंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर २ किलो ३०० ग्रॅम कांड्या मोजून रिकाम्या हॉपरमध्ये टाकल्या आणि स्टोव्ह पाचावर ठेवून घड्याळ लावलं. तेवढ्या वेळात बाईंनी मला सूप आणि ब्रेड दिला, आणि मी यजमानांना साखर कारखान्याच्या बॉयलरचे आकडे सांगितले. ते तरुणपणी लाकूडगिरणीत होते. भुशावर चालणारा बॉयलर त्यांनी बघितला होता. बोलणं अडखळत होतं, पण प्रश्न नेमके होते. बगॅसमध्ये पाणी किती, क्लिंकर, म्हणजे राखेचा वितळून घट्ट झालेला गोळा, होतो का, राख कुठे जाते. राखेच्या प्रश्नाला उत्तर देताना मला आमच्या शेतांपर्यंत जावं लागलं.

शेवटची कांडी पडली तेव्हा ६३ मिनिटं झाली होती. खोलीत येणारी हवा ७२ अंश. भिंतीवर १४ चे १७ झाले होते. हॉपर भरून पुन्हा पेटवला आणि आतल्या खोलीच्या दारात छोटा टेबलफॅन जमिनीवर ठेवला, तोंड स्टोव्हकडे. गार हवा जड असते. ती खालून स्टोव्हकडे ढकलली की गरम हवा वरून आपोआप त्या खोलीत जाते. फॅन उलटा ठेवायला लोकांना पटत नाही, पण बाईंना एका वाक्यात पटलं.

हवेचं तोंड हलवायला मी चार दिवसांनी परत येणार होतो. घराच्या दुसऱ्या भिंतीत नवं भोक पाडायचं होतं, वाळवण्याच्या यंत्रापासून लांब. तोवर जाळीवरून रोज एकदा हात फिरवायचं त्यांनी कबूल केलं. कार्बन मोनॉक्साइडचा घरातला अलार्म मी दाबून तपासला आणि पलंगाच्या खोलीसाठी गाडीतला आणखी एक दिला.

निघायच्या आधी मी वही मागितली. पुढे कुणीही आलं तरी त्याला दिसावं म्हणून पुढच्या कोऱ्या ओळीवर लिहिलं: फीडची पट्टी काळ्या रेघेवर, ओढ इतकी, तासाला जळण इतकं, आलेली हवा ७२ अंश, वेळ दुपारी २ वाजून १० मिनिटं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्या हातातून पेन घेतलं, १० खोडून त्यावर २० लिहिलं आणि शेजारी घरातलं तापमान मांडलं. १९.